डोंगराच्या जागी खड्डा

सुप्याच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या पडवीत, त्या दिवशी मी एक अख्खा डोंगर खड्ड्यात घातला होता… आणि ते मलाच माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. बारावी अर्धवट सोडून मी सावेडीतल्या एका पाणलोट संस्थेत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो. उपग्रहाने दोन कोनांतून काढलेले एकाच डोंगराचे दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या यंत्रातून बघायचे, की डोंगर उठून उभा राहतो… त्यावरून चर कुठे खोदायचे, बांध कुठे घालायचा ते ठरायचं.

मला मात्र कधीच काही उठलेलं दिसलं नाही. मुलाखतीत भीतीपोटी "दिसतंय" म्हणालो आणि पुढे रोज तेच म्हणत राहिलो. मला कायम करायचं की नाही, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं.

त्या सकाळी गावकऱ्यांना डोंगर दाखवायला पडवीत यंत्र मांडलं, तेव्हा संस्थेच्या साहेबांनी विचारलं, फोटो नीट लावलेस ना? मी म्हणालो, डोंगर छान उठलाय. खरं तर मी फक्त फूटपट्टीने कडा सरळ केल्या होत्या. एका फोटोचा कोपरा दुमडला होता, तो गावकऱ्यांना दिसू नये म्हणून तो फोटो उचलून भिंतीकडच्या बाजूला ठेवला होता…

सरपंचांनी वाकून पाहिलं, "वा" म्हणाले. ग्रामसेवकांनी मान डोलावली. गुरुजींना तर स्वतःचं घरही दिसलं. मला सगळ्यांचा हेवा वाटला.

मग पारूबाई आल्या. त्याच डोंगरावर त्यांनी उभा जन्म शेळ्या चारलेल्या. बराच वेळ भिंगांना डोळे लावून बसल्या आणि म्हणाल्या, "सायेब, ह्यात डोंगर न्हाई. डोंगराच्या जागी खड्डा हाय. आन् वढा वर चढलाय."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी स्वतः पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं… डावा फोटो उजवीकडे गेला, की उंच ते खोल दिसतं आणि खोल ते उंच. दुमडलेला कोपरा लपवताना मी नेमकं तेच केलं होतं.

साहेबांनी फोटो बदलले. सरपंचांनी पुन्हा पाहिलं आणि मघापेक्षा जरा बरा दिसतोय म्हणाले.

परतताना जीपमध्ये मी रडायच्या बेतात सगळं कबूल केलं.

"अक्षर चांगलं आहे तुझं," साहेब म्हणाले. "नकाशांवर गावांची नावं लिहीत जा. यंत्राला हात लावायचा नाही."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा लहानपणापासूनच आळशी आहे, म्हणून दोन डोळ्यांनी मिळून दिसणारा उठाव मला दिसत नाही. तो काही सुधारला नाही… पण एकही चर चुकीच्या जागी खोदला जाण्याआधी माझं खोटं उघडं पडलं, हे पारूबाईंचे उपकार. दिसत नसेल तर आता मी पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.