स्वयंपाकघरातला रस्ता

गॅरेजांची रांग संपली तशी मामांनी रस्त्याची डावी कड सोडली आणि उजवी धरली. भाचीही मुकाट्याने मागोमाग गेली. निम्मी वाट या अंगाने, निम्मी त्या अंगाने, हा मामांचा चालण्याचा नेम. रस्ता मधे उंच, कडेला उतरता. एकाच कडेने चालत राहिलं तर एक पाय जन्मभर खालीच पडतो आणि म्हातारपणी माणूस कमरेतून वाकडा होतो, असं त्यांचं ठाम मत.

"बसने आलो असतो तर एव्हाना मामींसमोर उभे असतो," भाची म्हणाली.

"म्हणूनच चालतोय," मामा म्हणाले.

मामी घर सोडून धाकट्या बहिणीकडे जाऊन राहिल्या होत्या. स्वयंपाकघराची फरशी फोडल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असा त्यांचा निरोप होता. मामा फरशीला हात लावायला तयार नव्हते. शेवटी घरच्यांनी भाचीला मधे घातलं. ही सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसते, त्या अर्थी कोणाची बाजू घेऊन खोटं बोलणार नाही, असा सगळ्यांचा समज. भाचीला स्वतःला एवढी खात्री नव्हती. पण निघताना तिने देवाला हात जोडले होते आणि दोघांची अक्कल ठिकाणावर ठेव एवढंच मागितलं होतं.

मामा सगळी नोकरी रस्ते बांधणाऱ्या टोळीवर मुकादम होते. रस्त्याच्या मधल्या उंचवट्याला त्या लोकांत कॅम्बर म्हणतात. पाऊस पडला की पाणी दोन्ही अंगांनी गटारात पळावं म्हणून तो ठेवायचा. पाणी थांबलं की रस्ता मेला, हे मामांचं वेदवाक्य. पाऊस आला की टोळी आडोशाला पळायची आणि मामा छत्री उघडून बाहेर, कुठे डबकं दिसतंय का बघायला. लग्नानंतर मामींना त्यांनी पहिल्यांदा फिरायला नेलं ते असंच, भर पावसात. "मला वाटलं, एका छत्रीत जवळ यायचं म्हणून बाहेर काढलंय," मामी सांगायच्या. "तर हे छत्री माझ्या हातात देऊन गटारापाशी उकिडवे बसले."

नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. मोटारीच्या चाकांच्या कलालाही कॅम्बरच म्हणतात, त्यामुळे उभ्या मोटारीपुढून सरळ जाणं त्यांना जमत नसे. आत्ताही गॅरेजांपाशी ते एका गाडीच्या चाकाशी वाकले होते आणि मालक "काय हवंय काका" म्हणत धावत आला होता.

"चाकं आत झुकलीयेत. कॅम्बर गेलाय. टायर आतल्या बाजूने खाल्लाय बघा."

"गाडी आत्ताच दाखवून आणलीय मी."

"मग चष्म्यावाल्याला दाखवली असेल," मामा म्हणाले आणि पुढे निघाले. भाचीनेच मालकाची माफी मागितली.

तर फरशी. निवृत्त झाल्यावर मामांनी स्वयंपाकघर नवं करायला काढलं. गवंडी नको म्हणाले, मीच घालतो. माळ्यावरून जुनी लाकडी फळी उतरवली. रस्त्याचा बाक बरोबर येतोय का हे पाहायची ती फळी, खालून कमानीसारखी कापलेली. तिच्या मापाने त्यांनी फरशी घातली. मधे चार बोटं उंच, चहूकडे उतार, भिंतींच्या कडेने पन्हळ आणि कोपऱ्यात जाळी. सुकल्यावर बादलीभर पाणी ओतलं. क्षणात गायब. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच काय ते त्या खोलीत थांबलं.

मग मामी स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. ओट्याकडे उतार, त्यामुळे दिवसभर कोणीतरी मागून ढकलतंय असं वाटायचं. फ्रिज मागे कलला, दार उघडं राहीना, हटकून कोपरावर आपटायचं. टेबल मधल्या उंचवट्यावर होडीसारखं डुलायचं. कांदा हातातून सुटला की कपाटाखालीच सापडायचा. आणि खुर्च्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उतारावर, त्यामुळे जेवता जेवता माणूस ताटापासून लांब जायचा.

"अहो, सपाट करा ना हे," मामी म्हणायच्या.

"देवाने तरी जमीन सपाट केलीय का? केली असती तर सगळं पाणी दारात बसलं असतं."

"देवाला तिच्यावर स्वयंपाक करायचा नव्हता."

घरच्यांना वाटलं, चालायचंच. पण एका रविवारी मामींची धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन जेवायला आली. गृहस्थ अंगाने भरलेले. पहिल्या वाढीला ते टेबलाशी होते, दुसऱ्या वाढीला हातभर मागे. मग खुर्ची जी सुटली ती भिंतीला जाऊन टेकली. बिचाऱ्यांनी ताट मांडीवर घेतलं, पण तोवर पाण्याचा जग लवंडला होता. मामींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फरशीकडे पाहत होता.

"पण बघा," मामा म्हणाले, "पाणी कसं गेलं."

मामींनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. "तुमच्या रस्त्यावर तुम्ही राहा. मला घर हवंय."

"एवढी हट्टाला कशाला पेटलीये ती, कळत नाही," मामा चालता चालता म्हणाले.

"आणि तुम्ही?"

मामांनी नको तिथे कड बदलली.

"जुन्या घरात ओट्याखाली पाणी साचायचं," ते म्हणाले. "ती रोज वाकून खराट्याने लोटायची. एकदा म्हणाली, गावभरचं पाणी पळवता, माझ्या ओट्याखालचं तेवढं राहिलं. बोलली आणि विसरली. मी नाही विसरलो."

भाची थांबली. "हे मामींना सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? फरशी दिसते की तिला."

भाचीला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. बायकोला वाकावं लागू नये म्हणून माणसाने फरशी घातली आणि त्या फरशीपायी बायकोच घराबाहेर गेली. आता त्या आल्या नाहीत तर हे त्या कोरड्या खोलीत एकटे बसून घसरत जेवणार.

पुढे जाळीने बंदिस्त केलेलं मैदान होतं. आत चाकांच्या खुर्च्यांवर मुलींचा बास्केटबॉलचा सराव चालला होता. मामांचे पाय अर्थातच थांबले. खुर्च्यांची चाकं वर जवळ आणि खाली फाकलेली, एखाद्याने पाय फाकून भक्कम उभं राहावं तशी.

"वा," मामा म्हणाले. "याला म्हणतात कॅम्बर."

एक खेळाडू पाणी प्यायला कडेला आली. मामांनी तिला गाठलंच. "बाळ, खुर्ची उलटत नाही ना?"

"धडक दिली तरी नाही. आणि जागच्या जागी फिरते." तिने गर्रकन फिरवून दाखवली.

"ऐकलंस?" मामा भाचीला म्हणाले. "झुकलेलंच टिकतं. हे तुझ्या मामीला सांग." मग मुलीकडे वळले. "घरीही हीच वापरतेस ना?"

"घरी?" मुलगी हसली. "काका, ही खाली एवढी रुंद, दारातून आत जात नाही. एकदा नेली होती हौसेने. आई आतून ओढतेय आणि मी खुर्चीसकट चौकटीत अडकलेली. घरची वेगळी आहे, सरळ चाकांची. ही मैदानावरची."

"पण ही चांगली आहे."

"चांगलीच आहे. पण घरात मला कोणाला धडक द्यायची नसते."

शिट्टी वाजली, ती गेली. मामा जाळीला धरून उभे राहिले. भाचीने मनातल्या मनात देवाचे आभार मानून टाकले. पुढची सगळी वाट मामा एकाच कडेने चालले आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मामींच्या बहिणीचं दार दिसलं तसे ते कुंपणाशी थबकले. खिडकीत मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी दोघांना पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"तू आधी आत जा," मामा हळूच म्हणाले. "म्हणावं, फोडतो. उद्या माणूस लावतो. सपाट करून देतो."

"खरंच?"

"खरंच. फक्त जाळीकडे एक बोट उतार ठेवू दे म्हणावं. एकच बोट. एका बाजूने. कांदासुद्धा हलणार नाही."

"आणि ओट्याखालच्या पाण्याचं?"

मामांनी चप्पल मातीत घासली. "ते सांगायचंच असलं तर सांग. माझ्या नावावर सांग. पण एक कर पोरी, त्या एका बोटाचं मात्र तूच सुचवलंस म्हण. माझं आहे कळलं तर ती अर्ध्यावर आणेल."