सरूबाईचा कडू काढा

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से मात्र साठतच जातात! एकोणीसशे वीस सालानंतरच्या त्या वर्षांत मी, लतीफ कंपाउंडर, पौडच्या दवाखान्यात होतो. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या सरूबाईचे. मुळशीच्या वरच्या अंगाची ही धनगरीण शेळ्या राखायची आणि पांढऱ्या कुड्याच्या झाडाच्या सालीचा काढा देऊन लोकांची आव थांबवायची.

*

आमचे डॉक्टर पुण्याहून नवे आलेले. रोगी दवाखाना ओलांडून तिच्याकडे जायचे. एकदा चिडून त्यांनी तिला विचारलं, "बाई, हे कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"शेरडांत! पोट बिघडलं की कुटला पाला खायाचा, त्यास्नी कळतं. म्या नुस्ती मागं फिरले."

*

पावसाळ्यात मुळशीला बांधायला घेतलेल्या धरणाच्या मजुरांत आवेची साथ आली. दवाखान्यातलं औषध संपलं, पुण्याहून येणारी औषधांची पेटी पुरात अडकली. डॉक्टरांनी मान खाली घालून मला तिच्याकडे पाठवलं. तीन दिवस तिचा हंडा चुलीवरून उतरला नाही.

एक पैलवान गडी घोट घेऊन ओरडला, "मावशे, यापरीस मेलेलं बरं!"

"मर की. पर आदी पी!"

प्यायला. जगलासुद्धा!

*

मग डॉक्टरांनी एका ठेकेदाराकडून पोतंभर साल मागवली. सरूबाईनं तुकडा चावला आणि थुंकला. "ह्यो काळा कुडा. ह्येला कडूपना न्हाई. जळनाला ठेवा!"

तेव्हापासून डॉक्टर प्रत्येक साल स्वतः चावून बघायचे. महिनाभर त्यांचं तोंड वाकडं!

*

डॉक्टरीणबाईंनी एकदा कुड्याची पांढरी फुलं हौसेनं फुलदाणीत लावली. सरूबाई हळहळली, "आगं बया, ह्या फुलांची भाजी सुकून चालली की!"

*

धरणात गावंच्या गावं बुडणार होती. लोक काम अडवायला रस्त्यात आडवे पडायचे. पहिल्या रांगेत सरूबाई! अशात धरणाचा साहेबच आवेनं अंथरुणाला खिळला. डॉक्टरांचं औषध लागू पडेना. मी भीत भीत तिला सांगितलं. ती लगेच खाली बसून साल कुटायला लागली.

चौथ्या दिवशी साहेब उठून बसला. मोडक्या मराठीत म्हणाला, "बाई, तुला काय पाहिजे?"

"काय नगं. उद्या कामाव या. आजारी मानसाच्या वाटंत आडवं पडायला आमास्नी लाज वाटती!"