मी माद्रे

गंगापूरकडं जाणारी काळी-पिवळी जीप आमच्या फाट्यावर थांबली, तेव्हा मायच्या हातात पत्र्याची पेटी होती आणि डोक्यावर वाकळांचं गाठोडं. निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं. बापू, माझे वडील, जाऊन दीड वर्ष झालं होतं, मी नुकतीच दहावी पास झाले होते आणि चुलत्यांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. माय त्यांच्याशी भांडली नाही. एका सकाळी तिनं पेटी भरली, चुलीतली राख काढून जागा सारवली आणि दाराला कडी घातली. जीपमध्ये आमच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या एका बाईनं विचारलं, "कुठं निघाल्या मायलेकी?"

"पोरीला शिकवायला," माय म्हणाली.

 मायनं आयुष्यात स्वतःबद्दल जे काही सांगितलं असेल, त्यातलं मला आठवतं ते हे एवढंच. मी मात्र पुढं स्वतःबद्दल बोलायला एक अख्खी परकी भाषा शिकले, आणि त्या भाषेत मायबद्दल पहिलं काय बोलले असेन तर खोटं. हे मी आज स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात बसून लिहिते आहे. तुमच्यातले जे घर सोडून कुठं कुठं गेलात त्यांच्यासाठी, आणि मागं राहिलात त्यांच्यासाठीही.

कारखान्यांची वसाहत असलेल्या शेंद्र्याला आम्ही नसीमखालाच्या घरामागची एक खोली भाड्यानं घेतली. मायला तिथल्याच एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं. ठेकेदाराचं काम. हिरवा एप्रन, डोक्याला जाळीची टोपी, दिवसभर ताटं धुवायची आणि जेवणाच्या वेळी टेबलावर पाण्याचे ग्लास भरायचे. तिची बोटं कायम पांढरी, सुरकुतलेली असायची. मी पॉलिटेक्निकला गेले, डिप्लोमा केला आणि मला नोकरी लागली ती त्याच कारखान्यात, डिस्पॅचच्या ऑफिसात. कंपनीचे मालक स्पेनचे होते.

पहिल्या दिवशी ऑफिसातल्या मुलींबरोबर जेवायला गेले. जाळीच्या टोपीखाली मायचा चेहरा असा उजळला की ती आता मोठ्यानं हाक मारणार, असं मला वाटलं. मी मान वळवली. शेजारची मुलगी मला विचारत होती, तू कुठल्या कॉलनीत राहतेस?

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी मायला म्हणाले, "माय, कंपनीत नियम आहे. एका घरातली दोन माणसं चालत नाहीत. कळलं तर दोघींची नोकरी जाईल."

ती भाकरी थापत होती. तिनं क्षणभर हात थांबवला. "व्हय का? लई वंगाळ नियम हाय." मग म्हणाली, "मग म्या तुझ्याकडं बगनारच नाय. तू नको काळजी करू."

असा कुठलाही नियम नव्हता. आमच्या ऑफिसातल्याच एकाचा सख्खा भाऊ पेंट शॉपमध्ये होता.

दोन वर्षं हे चाललं. माय सहाला उठून पायी जायची, मी साडेआठच्या कंपनीच्या बसनं. दुपारी ती माझ्या टेबलाशी यायची, ग्लास भरायची आणि पुढच्या टेबलाकडं जायची. माझ्या ग्लासात पाणी ओतताना तिची नजर ग्लासाच्या काठावर असायची. हळूहळू मला त्याची सवय झाली. हे लिहिताना सगळ्यात वाईट वाटतं ते या सवयीचं.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी कंपनीनं सांगितलं, जे कोणी स्पॅनिश शिकतील त्यांना पुढं-मागं तिकडं जायची संधी मिळेल. शहरात, औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारचा क्लास होता. पहिल्याच धड्यात स्वतःचं वर्णन करायचं होतं. मे यामो उज्ज्वला, माझं नाव उज्ज्वला. सोय मोरेना, मी सावळी आहे. सोय देलगादा, मी सडपातळ आहे. मराठीत चारचौघांत स्वतःला सावळी म्हणायला माझी जीभ रेटली नसती, पण स्पॅनिशमध्ये ते सहज निघून गेलं. परक्या शब्दांना आपली लाज माहीत नसते, असं मला तेव्हा वाटलं आणि त्याचा आनंदही झाला.

नंतर घरच्यांची ओळख. एकीची आई डॉक्टर होती, एकीची बँकेत. माझी पाळी आली. 'भांडी घासते'ला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. विचारता आलं असतं. मॅडम समोरच उभ्या होत्या. मी म्हणाले, "मी माद्रे नो त्राबाखा." माझी आई काम करत नाही.

"म्हणजे गृहिणी?" मॅडमनी स्पॅनिशमध्ये विचारलं.

"सी," मी म्हणाले. हो म्हणायला त्या भाषेतही एकच अक्षर लागतं.

घरी मी धडे मोठ्यानं पाठ करायचे. माय कान देऊन ऐकायची. एकदा म्हणाली, "सारकं मी मी काय करती गं? मी माद्रे, मी पाद्रे."

"अगं, त्यांच्या भाषेत 'मी' म्हणजे 'माझी'. मी माद्रे म्हणजे माझी आई."

दारातून नसीमखाला म्हणाली, "मादर? ये तो हमारा लफ्ज है. मादर बोले तो माँ."

मायला ते फारच आवडलं. 'मी माद्रे' म्हणजे एकदम बरोबरच की, ती म्हणाली. मी म्हंजे मी, आन माद्रे म्हंजे आई. मी आई. पुढचे कितीतरी दिवस ती पाणी तापवताना, धुणं वाळत घालताना स्वतःशीच म्हणायची, मी माद्रे. मीही हसायचे.

हिवाळ्यात स्पेनहून पाहुणे आले. त्यांच्यात मार्ता नावाची एक पन्नाशीची इंजिनिअर होती. दुभाषी सुट्टीवर होता, म्हणून दोन दिवस मला तिच्याबरोबर फिरायला सांगितलं. मी धडपडत बोलायचे, ती सावकाश बोलून मला सांभाळून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे, आमचे प्लँट हेड आणि मी कॅन्टीनमध्ये एका मोठ्या टेबलाशी जेवायला बसलो. मार्तानं मला विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं?

मला येणारा प्रश्न, पाठ केलेलं उत्तर. मी सरळ बसले आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी माद्रे वीवे एन एल प्वेब्लो. नो त्राबाखा." माझी आई गावी राहते. काम करत नाही.

माय माझ्या मागं पाण्याचा जग घेऊन उभी होती. मला ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माहीत असतं तरी मी तेच बोलले असते, कारण तिला कळणार नाही याची मला खात्री होती.

तिला दोनच शब्द कळले. तिनं जग टेबलावर ठेवला, एप्रनला हात पुसले आणि पुढं आली. चेहरा असा फुलला होता, जसा मी नोकरीच्या पहिल्या दिवशी पाहिला होता. तिनं मार्ताला नमस्कार केला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी माद्रे. मी. ही माझी पोरगी."

मार्तानं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "तू माद्रे?" तिनं विचारलं. तुझी आई?

 मी ताटातल्या वरणाकडं बघत राहिले. प्लँट हेडनी चमचा खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. मार्ता उठली. तिनं मायचे दोन्ही ओले हात हातात घेतले, तिकडच्या रीतीप्रमाणं तिच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि आपल्या शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं. माय बसली नाही. लाजून हसत आत पळाली. आतून बायकांचा हसण्याचा गलका आला.

 दुपारी मार्तानं आणि मी गाड्यांचे सुटे भाग बघितले, तिनं प्रश्न विचारले, मी सांगितलं. पण सावकाश बोलायचं तिनं सोडून दिलं. घरचं काही तिनं पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी माय नसीमखालाला रंगवून सांगत होती. "गालाला गाल लावला की तिनं! एवढी गोरीपान बाई, आन माजा हा असला हात." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तूच समद्यांम्होरं मी माद्रे म्हनलीस, तवा म्हनलं नियम सुटला आसंल. नायतर म्या आले नसते पुढं. साहेब काय म्हनले का तुला?"

"नाही," मी म्हणाले. "काही म्हणाले नाहीत." दुसऱ्या दिवसापासून मी कामाचं निमित्त काढून डबा ऑफिसातच खाऊ लागले.

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मला व्हॅलेन्सियाला पाठवलं तेव्हाही नाही. मायनं विमानतळावर माझ्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कोंबली, आणि मी ते तसंच मनात घेऊन उडाले.

इथं आता मला तीन वर्षं झाली. माझा एक छोटा पिसो आहे, म्हणजे फ्लॅट. दोन वाजता जेवायची सवय झाली. स्पॅनिश इतकं येतं की भांडतासुद्धा येतं. इथल्या कॅन्टीनमध्ये ताटं गोळा करणाऱ्या बाईंचं नाव रोसारियो. सगळे त्यांना नावानं हाक मारतात. गेल्या उन्हाळ्यात त्या माझं ताट उचलता उचलता थांबल्या आणि सहज म्हणाल्या, तुझी आई काय करते गं तिकडं?

मी म्हणाले, "लो मिस्मो के तू." तुम्ही करता तेच.

त्या केवढ्यानं तरी हसल्या, आणि आतल्या बायकांना ओरडून सांगू लागल्या की या पोरीची आई आपल्यातलीच आहे. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन मायला फोन लावला. तिकडं संध्याकाळ झाली होती. मी सगळं सांगितलं. क्लासमधलं 'सी', मार्ताला काय म्हणाले ते, आणि तो नियम.

मार्ताचं तिनं ऐकून घेतलं. "आसंल," म्हणाली. नियमाशी येऊन ती अडली.

"नियम नव्हता?"

"नव्हता, माय."

"कुनाचाच नव्हता?"

"नाही."

 मग म्हणाली, "दोन वर्षं म्या तुला पानी वाढताना वर बगितलं नाय. तुला ताप व्हता त्या दिवशी बी नाय बगितलं. म्या बगितलं तर तुझी नोकरी जाईल म्हनून." आणि तिनं फोन ठेवला.

आठ दिवस तिनं माझा फोन घेतला नाही. नसीमखाला घ्यायची आणि म्हणायची, "तेरी माँ ठीक है. बात नहीं करती बोल रही." नवव्या दिवशी मायनंच फोन केला. रडली नाही, ओरडली नाही. "येशील तवा गेटावर ये मला न्यायला. शिफ्ट सुटताना. समद्यांम्होरं." एवढं बोलली आणि नसीमखालाच्या गुडघ्यांचं सांगत बसली.

सुट्टी मिळताच मी गेले. चार वाजता कारखान्याच्या गेटासमोर उभी राहिले. जुन्या ऑफिसातल्या दोन मुली बसकडं जाताना थांबल्या, इथं कशी काय म्हणाल्या. मी म्हणाले, आईला न्यायला आले. एकीनं विचारलं, आई? मी म्हणाले, हो, कॅन्टीनमध्ये आहे, तुम्ही रोज बघत होता तिला. त्या एकमेकींकडं बघत निघून गेल्या. कान गरम झाले माझे. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी होणार नाहीत.

माय सात-आठ बायकांबरोबर बाहेर आली, बहुतेक माझ्यानंतर कामाला लागलेल्या. मी पुढं होऊन तिची पिशवी घ्यायला हात केला. तिनं पिशवी दिली नाही. बायकांकडं वळून म्हणाली, "ही माझी पोरगी. उज्ज्वला. हितंच ऑफिसात व्हती. हिला माझी लाज वाटायची, म्हनून वळख दाखवत नव्हती. आता परदेशातून न्यायला आलीय."

 एक म्हातारी बाई मला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली. मी मान खाली घातली नाही. खूप वाटत होतं, पण नाही घातली.

"चल," माय म्हणाली, आणि मग पिशवी माझ्या हातात दिली.

आम्ही हायवेच्या कडेनं चालू लागलो. बायका मागून येत होत्या, त्यांचं बोलणं हळूहळू सुरू झालं. व्हॅलेन्सियात लोक मला माझ्याबद्दल विचारतात तेव्हा मी चांगलं सांगते, अगदी नीट, व्याकरणासकट. त्यातलं आता काही खोटंही नसतं. पण कोणी मला घर कुठं असं विचारलं, तर मला ती खोली आठवत नाही, गावाचा फाटा आठवत नाही. आठवतं ते गेटासमोरचं ते वाक्य, माझ्याबद्दल पूर्ण खरं सांगणारं, आणि ते बोलून झाल्यावरही 'चल' म्हणणारी बाई.