डिपस्टिक न बघणारा इंजिनीअर

मंडळी, डिग्री मिळाली की डिपस्टिक दिसायची बंद होते का हो? आज बोईसरला आमच्या गॅरेजात जे बघितलं त्यावरून विचारतोय.

दुपारी घिवली गावचे मच्छीमार काका गाडी घेऊन आले. जिच्यासाठी मी कॉलेजात जायचो, तिचे वडील. शेजारी तिचा होणारा नवरा, कंपनीत इंजिनीअर. ऑइल तापल्याचा लाल दिवा लागलेला, जळका वास सुटलेला.

साहेब उतरल्या उतरल्या मला शिकवायला लागले. "रेडिएटर गेलाय, बदलून टाक." रेडिएटर ठणठणीत होता.

इंजिन थंड होऊ दिलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर, तेही फेसाळलेलं.

"काका, ऑइल कोणी भरलं?"

"मीच. बोटीला आमी दर्यात जाताना डबाभर जास्तच घालतो. जावयांना इचारला, ते बोलले जास्त असला तर चांगलाच हाय."

काकांची चूक सवयीची, साहेबांची निव्वळ माजाची. जास्त ऑइल इंजिनात घुसळलं जातं, त्याला फेस येतो आणि ते तापतं. हे मी, कॉलेज सोडलेला, समजावत होतो आणि साहेब मोबाइल बघत होते.

सगळं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरलं. दिवा गेला.

काका खूश. "पोरा, हात चांगला हाय तुजा. लग्नात नवरीची गाडी तूच चालव."

मी हो म्हणून बसलोय. आता सांगा, मूर्ख नक्की कोण?