कानबाईनं जेवायला बसवलं

त्या श्रावणात मी कानबाई बसवणारच नव्हते. आम्हा खानदेशी लोकांत नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई सजवतात, तिला नथ घालून चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवतात. सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली, पण पर्वत पाटियाच्या आमच्या दोन खोल्यांतही कानबाई आईचा रविवार कधी चुकला नव्हता. त्या साली मात्र माझं मनच उठलं होतं. "बाई गं, दरवर्षी तुला नटवते. माझ्या संसाराकडे कधी बघितलंस का?" असं मी रिकाम्या चौरंगासमोर उभी राहून बोलले. तोंडाची मी तिखटच आहे, देवापुढंही राहवत नाही.

आमचे हे पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणतात. असेल बापडी! दारूची प्लास्टिकची पोटली गल्लीच्या तोंडाशीच मिळायची. पिता पिता यांचं जेवणच सुटलं होतं. वाढलेलं ताट तसंच निवायचं आणि मी ते झाकून ठेवायची. शेवटी एकदा मिलमध्येच कोसळले, तेव्हा सरकारी दवाखान्यात भरती केलं. तिथं अंगाची थरथर उतरली, आणि यांनी आपणहून सांगितलं, आता शिवणार नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. दारूनं आतलं सगळं सत्त्व खाल्लंय, ते भरून यायला हवं, म्हणून डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, जे पचेल ते खायला घाला असं बजावलं. "दवा साथे जमवानुं पण, हां भाई," असं यांनाही गुजरातीत सांगितलं. औषधाबरोबर जेवायचंही आहे, एवढंच ते सांगणं होतं.

पण आमच्याकडं नवस म्हणजे आधी पोटाला चिमटा. घरी आल्या आल्या यांनी देव्हाऱ्यासमोर पाणी सोडलं, की कानबाई उठून नदीवर जाईपर्यंत अन्नाला शिवणार नाही. "ज्या तोंडानं प्यालो, त्या तोंडाला शिक्षा," म्हणाले. गोळ्याही बंद केल्या. उपासात गोळी गिळली तर तो उपास कसला, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले, रडले, गोळी चहात विरघळवून द्यायचंही बघितलं. पण सगळी गल्ली त्यांचं कौतुक करायला लागली. माणूस सुधारला, अंगातलं विष उपासानं जळून जाईल, असं जो तो म्हणायचा. चहा आणि एखाददुसरं केळं, यावर ते दिवस काढू लागले. आणि मग मलाच वाटलं, यांनी इतकं केलं, तर आपण देवीवर रुसून कसं चालेल? मी चौरंग धुतला. देवीच्या प्रसादाच्या रोटासाठी गहू मोजले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात, तशी यांच्या नावानं घेतली.

रविवारी सकाळी हे उठले ते भिंत धरून. पाय फाकवून चालत होते. मला म्हणाले, "तुम्ही दोघी जणी इथं कशा?" खोलीत मी एकटीच होते. वाटलं, हे पुन्हा प्याले. जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला तर नुसता चहाचा. तेव्हा खरं म्हणजे हायसं वाटायला हवं होतं, पण मी आणखीच घाबरले.

संध्याकाळी दर्शनाला बायकांची रीघ लागली. कानबाईच्या दर्शनाला कुणीही येतं, ओळख लागत नाही. त्यात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती. तिनं ओटी भरली, हळदीकुंकू घेतलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या यांच्याकडं ती बघतच राहिली. मग मला अहिराणीत म्हणाली, "माय, याना डोया देख." मी बघितलं. बुबुळं एका जागी ठरत नव्हती. मी उपासाचं सांगितलं तशी ती कळवळलीच. "मना पोऱ्या असाच गया," म्हणाली. तिच्या मुलानंही दारू सोडली होती, आणि सगळ्यांनी उपासाचं पुण्य म्हणून त्याला उपाशीच ठेवलं होतं. "याना नावना गहू मोजात ना तू? मंग याले उपाशी का ठेयं? आत्तेच दवखानामा लई जा."

माझ्या घरात देवी बसलेली, दारात माणसं, आणि मी उठून कशी जाऊ? मग मी चौरंगापुढं डोकं टेकलं आणि म्हणाले, "आई, तुझं तू बघ आता. मी यांना घेऊन चालले." शेजारच्या काकूंच्या हातात समईचं तेल दिलं आणि रिक्षा बोलावली. रिक्षात हे मला माझंच नाव विचारत होते.

दवाखान्यात तीच डॉक्टरीणबाई भेटली. तिनं आधी व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन लावलं. दारूनं ज्याचं अंग पोखरलंय, त्यानं असं उपाशी राहिलं तर मेंदूवर येतं, उशीर झाला असता तर माणूस तुम्हाला परत मिळाला नसता, असं म्हणाली. सोमवारी माझी कानबाई काकूंच्या डोक्यावर बसून तापीला गेली. मी वॉर्डात यांच्या पायाशी बसून होते. दुपारपर्यंत नजर बरीच ठरली. मला नावानं हाक मारली, तेव्हा मी तोंडात पदर कोंबून रडले.

आमच्यात रोट घराबाहेर नेत नाहीत. मी दवाखान्यात नेला. दुधात कुस्करून घास पुढं केला, तर हे म्हणाले, "नवस?" मी म्हटलं, "देवीनं तुमचा वाटा ठेवलाय. तो नाकारणारे तुम्ही कोण?" तेव्हा यांनी तोंड उघडलं.

चालणं ताळ्यावर यायला पुष्कळ दिवस गेले. त्या म्हातारीला मी गल्लीभर विचारलं. कुणी म्हणालं कामरेजकडची असेल, कुणाला ती आठवतच नव्हती. ती कोण होती, यावर मी आता डोकं शिणवत नाही. वेळेवर आली, एवढं मला पुरे आहे. गोळी देते, मुगाचं वरण, अंडं, मूठभर शेंगदाणे पुढं ठेवते. पुन्हा पिणार नाहीत याची हमी माझ्याकडं नाही, डॉक्टरकडंही नाही. रांधणं माझ्या हातात आहे, घास उतरवणं नाही, हे मला उशिरा कळलं. म्हणून हल्ली मी देवीशी सौदा करत नाही, भांडतही नाही. संध्याकाळी हे मिलमधून येतात, चपला काढता काढताच आत आवाज देतात, "भूक लागनी शे वं." मी तव्यावरची भाकरी तशीच सोडते आणि आधी हात जोडते.