काचेवरची टिकली

सकाळी फोनवर ‘शालनताई’ असं नाव दिसलं, म्हणून उचलताच मी म्हटलं, ‘‘बोला, आज इतक्या लवकर?’’ पलीकडे त्यांची सून मेघना रडत होती... काळाचौकीतल्या आमच्या चाळीत ताई माझ्या शेजारी राहायच्या. त्यांना जाऊन महिना उलटला, पण ते नाव फोनमधून काढायला हात धजत नाही.

हिंदमाताच्या दुकानांसाठी त्यांनी जन्मभर साड्यांना फॉल लावले. पुढे काचबिंदूने नजर गेली, तरी बटणांचा फोन झोकात वापरायच्या. पाचाच्या आकड्यावरचा उंचवटा बोटाला लागला की बाकीचे आकडे आपोआप सापडायचे. दुपारी मालवणच्या बहिणीला फोन ठरलेला. ‘‘जेवलंस काय गो?’’ एवढंच मला ऐकू यायचं, मग आतल्या खोलीचं दार लागायचं. तो फोन बंद पडला आणि मुलाने हौसेने नवा आणला, सगळी गुळगुळीत काच. ‘‘ह्याला ना नाक ना डोळे! दाबायचं कुठे मेलं?’’ ताई वैतागायच्या. मग मेघना नंबर लावून द्यायची आणि फोन हातातून पडेल या काळजीने तिथेच उभी राहायची. ताईंचं बोलणं ‘मी बरी, तू बरी ना’वर आलं. एकदा मला म्हणाल्या, ‘‘डोळे गेले ते गेले गं. पण आता मनातलं बोलायचीही चोरी झालीय.’’

मी बहिणीचं नाव फोनच्या पहिल्या पानावर आणून ठेवलं. पण ते बोटाला कळणार कसं? ताई उठल्या, कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं. यजमान गेल्यापासून टिकली लावणं त्यांनी सोडलं होतं, पाकिटं मात्र तशीच होती. नावाच्या जरा खाली त्यांनी माझ्याकडून मखमली टिकली चिकटवून घेतली. ती लागली की बोट किंचित वर टेकवायचं. पहिल्याच दुपारी फोन लागला आणि ताई अशा काही हसल्या की मलाच रडू आलं.

गणपतीच्या साफसफाईत मेघनाने आरशावरच्या टिकल्या खरवडल्या, तशी फोनवरचीही. तिला बिचारीला काय ठाऊक! ताई तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत, नुसत्या फोन मांडीवर घेऊन बसून राहिल्या. शेवटी मीच मेघनाला सांगितलं. ती चपापली, आणि स्वतःच्या पाकिटातली टिकली काढून तिथे लावली.

परवा ती माझ्याकडे आली होती. पदराशी चाळा करत म्हणाली, ‘‘काकू, आई मावशींशी काय बोलायच्या हो? माझ्याबद्दल काही...?’’

‘‘मला कसं कळणार? दार लावलेलं असायचं,’’ मी म्हटलं.

‘‘ते मीच ओढून घ्यायचे,’’ मेघना म्हणाली. ‘‘त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून.’’