तेजाबाला कळतं तसं नाही

नववीत शाळा सुटली आणि मी गलाईच्या दुकानात लागलो. आमच्या विट्याकडची पोरं अशीच परमुलखात सोनं गाळायला जातात. मी तमिळनाडूत आहे. जुना दागिना चांदीत मिसळून वितळवायचा, पातळ पत्रा करून तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचा. तांबं, चांदी तेजाब खाऊन टाकतं, सोनं तळाशी राहतं. मळकट, तपकिरी चुऱ्यासारखं दिसतं, पण राहतं. कस कमी आला तर पुन्हा तेजाब, पुन्हा उकळी. एवढीच माझी विद्या.

मागच्या वर्षी थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, छातीत कॅन्सरची गाठ निघाली. दाजींच्या मागं जनावरं आणि शेत, म्हणून मी गावी आलो. मालकांनी मी तोंड उघडायच्या आधीच रजा दिली, ते मी विसरणार नाही. मिरजेला केमो सुरू झाली. पहाटेची एसटी, तासगावात गाडी बदलायची. बेदाण्याच्या शेडचा गोडसर वास आला की आक्का पदर नाकाला लावायची. मी तिची पिशवी धरून बसायचो. झोप मला गाडीतही नव्हती, घरीही नव्हती.

तिसऱ्या डोसाला गेलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी लय कमी झाल्यात. आज सलाईन न्हाई. आठवड्यानं या."

गाठ आत तशीच आणि भट्टी बंद, असं कसं चालेल? मी हात जोडून म्हणालो, "मॅडम, थोडं वाढवूनच द्या की. कस आला न्हाई तर आमी तेजाब वाढवतो."

"गलाईवालं व्हय तुमी?" त्या इकडच्याच मलकापूरच्या, बोलणं आमच्यासारखंच. "दादा, तेजाबाला सोनं कळतं. ह्या औषधाला न्हाई कळत."

ड्रेसिंगच्या सामानाची दोनपदरी दोरी त्यांनी हातात घेतली आणि पीळ उलगडला. पेशीची एक होऊन दोन व्हायची असली की आधी आतल्या डीएनएची नक्कल निघते, त्या सांगत होत्या. डीएनए असाच दोनपदरी, दर पदरावर चार तऱ्हेच्या रसायनांची ओळ, जणू अक्षरं. पदर सुटे होतात. समोर कोणतं अक्षर यायचं ते प्रत्येक पदरावरच्या अक्षरानं ठरलेलं असतं. त्याप्रमाणं दोघांना नवा जोडीदार पदर तयार होतो. मग एकाच्या जागी दोन सारख्या दोऱ्या, दोन पेशींना एकेक. चुकलेलं अक्षर तपासून बदलायची सोयही आतच असते. आक्काच्या सलाईनमधलं एक औषध हे नक्कल काढणंच अडवतं.

"गाठीच्या पेशी सारख्या नकला काढतात, म्हणून त्या औषधाच्या तडाख्यात जास्त सापडतात," त्या म्हणाल्या. "पन केसाच्या मुळातल्या, तोंडातल्या, रक्त करणाऱ्या, ह्यापन रोज तेच करतात. त्यापन सापडतात. दोन डोसांमधलं दिवस त्यांना सावरायला ठेवल्यात. आज दिलं तर गाठीआधी आक्का जातील."

आक्का डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाली, "म्हंजी समोर कोन हाय बघायचंच न्हाई. तुझ्या दाजींच्या रागागत."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

तो आठवडा लांबच लांब होता. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला सगळी भावकी येते, उशाला बसून तोंडावरून हात फिरवते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी म्हटल्यावर एखाद्याचा साधा खोकलाही आक्काला पुरला असता. मी दारात खाट टाकून बसलो आणि आलेल्याला अंगणातूनच बोलायला लावलं. चुलती फणकाऱ्यानं म्हणाली, "आवं, परमुलखातलं सायेब, आत सोडता का पास काढू?" बिस्किटाचा पुडा माझ्या मांडीवर ठेवून गेली. आक्काचं तोंड सोलून निघालं होतं, गार आंबील तेवढी खाली उतरायची. मी ती वाटी वाटी द्यायचो आणि मनात तिच्या रक्त करणाऱ्या पेशींना म्हणायचो, काढा रे बाबांनो नकला, बिनचूक काढा. भट्टीपुढं जन्म गेला, पण नुसतं थांबण्याला काम म्हणायचं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आठवड्यानं पेशी वाढलेल्या निघाल्या. सलाईन लागलं. पुढचेही डोस एकेक करत पार पडले, नंतर ऑपरेशन झालं.

आता मी परत दुकानात आहे. तपासणीचा दिवस जवळ आला की फोन वाजला तरी धडकी भरते. परवा आक्कानं व्हिडिओ कॉल केला. रुमाल काढून डोकं कॅमेऱ्यापुढं धरलं. केस आलेत, पण कुरळे. तिचे जन्मभर सरळ होते.

"काय रं," ती म्हणाली, "हितली नक्कल कुनाची बघून काढली?"

"डॉक्टरीणबाईंना इचार की."

"इचारलं. म्हनल्या, ऱ्हातंय कवा कवा तसं, पुढं सरळबी व्हतील. तपासनी चांगली आली न्हवं, मग कुरळं असू द्या म्हनल्या."

तपासणीचं तिनं असं मधेच सांगितलं. भट्टीवर सोनं वितळवायची मूस तापत होती. मी गॅस बारीक केला आणि जरा खाली बसलो.